डोकं पाण्यात घाल : स्टॉल शिकणाऱ्या पोरांसाठी

पहिला स्टॉल करून उतरले त्या संध्याकाळी घरी फोन केला. आई म्हणाली, "स्टॉल म्हणजे? वर इंजिन बंद पडतं काय गं?" मागून बाबांचा आवाज आला, "वडापावचा टाकला असंल, आणि काय." आईची तरी काय चूक? गाडी 'स्टॉल झाली' म्हणजे इंजिन बंद पडलं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. विमानाच्या स्टॉलमध्ये इंजिन छान चालू असू शकतं. काम सोडतो तो पंख.

आमचं घर गोकुळ शिरगावला. उजळाईवाडीच्या कोल्हापूर विमानतळावर उतरणारी विमानं गच्चीवरून बघतच मोठी झाले. ट्रेनिंग बाहेरगावी घेतलं, आता शिकवतेही बाहेरगावीच. पण सुट्टीला घरी आले की एक-दोन पोरं येतातच. कुणाचं नुकतं ॲडमिशन झालेलं असतं, कुणाचं सोलो, म्हणजे एकट्यानं उडायचं पहिलं उड्डाण, तोंडावर आलेलं असतं, आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत विषय निघतो: "मॅडम, त्या स्टॉलचं लई टेन्शन आलंय." त्यांच्याकडून गच्चीवर जे करून घेते तेच इथं लिहिते. आकडे सेस्ना 172एस या विमानाचे आहेत, पूर्ण वजनाचे. तुमचं विमान दुसरं असेल तर त्याच्या हँडबुकातले आकडे पाठ करा, माझे नकोत. आणि हवेतलं जे काही आहे ते इन्स्ट्रक्टर शेजारी बसलेला असतानाच.

सुरुवात टेबलफॅनपासून. एक जुनी लग्नपत्रिका घ्या, जाड कागदाची. तिची पाठ थोडी फुगीर येईल अशी पुढची कड किंचित खाली वाकवा. वरच्या बाजूला बोटभर लांबीचे लोकरीचे धागे टेपनं चिकटवा, पुढचं टोक चिकटलेलं आणि मागचं मोकळं. आता पत्रिका पंख्यासमोर आडवी धरा. धागे पाठीवर सरळ पडून राहतील. पुढची कड हळूहळू उचला. पत्रिका हाताला वर ओढायला लागते, धागे अजूनही पडलेलेच. आणखी उचला. एका जागी मागचे धागे फडफडायला लागतात, काही तर उलटे फिरून पंख्याकडे तोंड करतात. हाच स्टॉल. पाठीला धरून वाहणारी हवा सुटली. खऱ्या पंखावर हे साधारण 15-16 अंशांच्या आसपास होतं, विमानागणिक थोडं इकडेतिकडे.

एवढ्यावर पंखा बंद करू नका, पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. पंखा जमिनीवर ठेवा, तोंड तिरकं वर करा, आणि पत्रिका अगदी आडवी धरा, जशी टेबलावर ठेवतो तशी. धागे फडफडतील. पत्रिकेचं 'नाक' तर क्षितिजावरच आहे! पण हवा खालून येतेय. विमान खाली बसत असतं तेव्हा नेमकं हेच होतं. कोन मोजायचा तो पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला. नाक आणि क्षितिज यांच्यातला नाही. दहापैकी आठ पोरं इथं म्हणतात, "असं होय!" आणि माझी अर्धी शिकवणी तिथंच झालेली असते.

मग वेगाचं काय? स्टॉलचा म्हणून एक वेग पुस्तकात दिलेला असतो: 172एसला फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या, खाली येणाऱ्या फळ्या) वर असताना 48 नॉट (ताशी सागरी मैल), पूर्ण खाली असताना 40. हे आकडे पंख सरळ, वळण नाही, ओढाताण नाही, तेव्हाचे. वळणात पंखाला जास्त वजन पेलावं लागतं. 30 अंश बँकला, म्हणजे विमान एका बाजूला तेवढं कलवलं की, 48 चे जवळपास 52 होतात, 45 अंशांना 57, आणि 60 अंशांना, जिथं तुमचं वजन दुप्पट होतं, तिथं 68. म्हणजे ग्लाइडच्या ज्या वेगाला आपण एरवी निवांत असतो, त्याच वेगाला विमान स्टॉल होऊ शकतं. म्हणून "मी साठच्या वर आहे, मला काही होत नाही" असं म्हणणाऱ्या पोराला मी सोलोला सोडत नाही.

आता विहीर.

काकांची विहीर कागल तालुक्यात. मी आठ वर्षांची असताना पाठीला पत्र्याचा डबा बांधून त्यांनी मला आत सोडलं. चार दिवस डब्याच्या जिवावर मजेत गेले. पाचव्या दिवशी डबा काढला आणि माझी अक्कल गेली. श्वास पाहिजे म्हणून डोकं वर काढायचे, डोकं वर आलं की पाय खाली जायचे, पाय खाली गेले की सगळीच खाली. काका काठावर उकिडवे बसून ओरडत होते, "डोकं आत घाल की! वर काढायलीस म्हणून बुडायलीस!" त्या क्षणाला जगातला सगळ्यात वेडा सल्ला वाटला होता तो. नाकातोंडात पाणी चाललंय आणि हा माणूस म्हणतोय तोंड पाण्यात घाल. शेवटी दमून घातलं, आणि पाठ आपसूक वर आली.

स्टॉलमध्ये तुमचा हात तेच करणार आहे. नाक खाली पडतं, काचेत आभाळाऐवजी शेतं दिसतात, आणि हात योक, म्हणजे विमानाचं हँडल, मागे ओढतो. कुणी शिकवलेलं नसतं, तरी ओढतो. ओढला की कोन आणखी वाढतो आणि पंख स्टॉलमध्येच राहतो. ही फक्त शिकाऊ पोरांची गोष्ट नाही. रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं ए330 विमान 1 जून 2009 ला अटलांटिकवर असताना पिटो ट्यूबमध्ये, म्हणजे वेग मोजणाऱ्या नळीत, बर्फ साचला आणि वेगाचे आकडे बेभरवशाचे झाले. विमान सुमारे 38,000 फुटांपर्यंत चढलं, स्टॉल झालं, आणि पाण्यावर आदळेपर्यंत स्टॉलमध्येच राहिलं. स्टॉल वॉर्निंग वाजत होती, तरी स्टिक (तिथं योकच्या जागी असते ती) बराच वेळ मागेच ओढलेली होती. 228 माणसं गेली. घाबरवायला सांगत नाही. हात किती हट्टी असतो ते कळावं म्हणून सांगते.

त्यामुळे क्रम एकच, झोपेत विचारला तरी आला पाहिजे: हात पुढे, पॉवर पूर्ण, पंख सरळ, मग चढ. हात आधी. पुष्कळ जण थ्रॉटल (पॉवर कमी-जास्त करायचा दांडा) आधी कोंबतात, कारण 'पॉवर दिली की वाचलो' हे मोटारसायकलवरून आलेलं असतं. 172 मध्ये पॉवर दिली की नाक स्वतःहून वर जायला बघतं. कोन न मोडता नुसती पॉवर दिली तर तुम्ही स्टॉलला खतपाणीच घातलं.

'हात पुढे' म्हणजे किती, याचाही घोळ होतो. दणकन ढकलायचं नाही. एका पोरानं असं ढकललं की माझ्या मांडीवरचा पेन छताला लागला, चेकलिस्ट मागच्या सीटवर गेली आणि जमीन बघून तो इतका हादरला की त्यानं तेवढ्याच जोरात मागे ओढलं. झाला दुसरा स्टॉल, पहिल्यापेक्षा वाईट. बहुतेक वेळा ओढलेला ताण सोडून नाक क्षितिजाच्या जरासं खाली आणलं तरी पुरतं. थरथर थांबली, स्टॉलचा इशारा देणारा हॉर्न थांबला, की पंख परत कामाला लागला. तिथं थांबा.

हे अंगात मुरवायला गच्चीवर प्लास्टिकची खुर्ची लागते. हातात योक म्हणून स्टीलची ताटली, पायाखाली रडर (नाक डावी-उजवीकडे वळवायची पायातली पॅडल) म्हणून दोन विटा, उजव्या हाताला थ्रॉटल म्हणून काहीही, आमच्याकडे सायकलचा पंप आहे. धाकट्या भावाला जत्रेतली पिपाणी देऊन मागे उभं करायचं. त्यानं वाटेल तेव्हा फुंकायची, तुम्ही गप्पा मारत असताना, मोबाइल बघत असताना. पिपाणी वाजली की विचार करायच्या आत ताटली पुढे गेली पाहिजे, मग पंप. माझ्या भावानं मला जेवताना, झोपेत आणि एकदा पाहुण्यांसमोरही पिपाणी वाजवून दाखवली. आमटीची वाटी पुढे ढकलली गेली, पण सवय लागली.

पिपाणी उगाच नाही निवडली. 172 च्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटं भोक असतं. कोन वाढला की त्यातून हवा ओढली जाते आणि आतली पत्ती वाजते. वीज नाही, काही नाही, निव्वळ पिपाणी. स्टॉलच्या साधारण 5 ते 10 नॉट आधी ती सुरू होते. सकाळच्या तपासणीत त्या भोकावर स्वच्छ रुमाल ठेवून तोंडानं हवा ओढायची. वाजली तर ठीक. हे टाळू नका, लाजूही नका. आणि रुमाल खरंच स्वच्छ ठेवा, तिथं रात्रभर किडे बसलेले असतात.

उंचीचा हिशोब जमिनीवरच करून ठेवायचा. आमचा नियम असा की स्टॉलमधून पूर्ण बाहेर येऊन विमान सरळ झालं तेव्हा जमिनीपासून निदान 3,000 फूट उरले पाहिजेत. समजा तुम्ही कोल्हापुरातून उडालात. इथली धावपट्टीच समुद्रसपाटीपासून सुमारे 2,000 फुटांवर आहे. क्यूएनएच लावलेल्या, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणाऱ्या, अल्टिमीटरवर 5,000 दिसत असतील तर खाली खरे 3,000 आहेत. आणि पन्हाळा-जोतिबाच्या बाजूला सरकलात तर डोंगरमाथा 3,000 च्या वर जातो, म्हणजे त्याच 5,000 वर तुमच्याखाली 2,000 सुद्धा उरत नाहीत. म्हणून सुरुवात 6,000 ला, आणि सपाट मुलखावर. मे महिन्याच्या दुपारी आणखी एक गंमत होते. 36 अंश तापमानाला 2,000 फुटांवरची ही हवा 5,000 फुटांवरच्या हवेइतकी पातळ असते. काट्यावरचा स्टॉलचा वेग तोच राहतो, पण चढायला जीव जातो आणि खालून गरम हवेचे धक्के बसतात. सकाळी सातची सॉर्टी, म्हणजे उड्डाणाची खेप, मागून घ्या. पोटात काहीतरी असू द्या, रिकाम्या पोटी जास्त मळमळतं. पण कटाची मिसळ उतरल्यावर.

वर गेल्यावर आधी हॅसेल, ही आद्याक्षरं प्रत्येक क्लबात घोकून घेतात: उंची, फ्लॅप वगैरे विमानाची स्थिती, पट्टे आणि सुट्या वस्तू, इंजिनाचे काटे, खाली गाव-विमानतळ-ढग नाहीत ना, आणि आजूबाजूला दुसरं विमान नाही ना. शेवटच्यासाठी डावीकडे एक आणि उजवीकडे एक असं पूर्ण वळून बघायचं. पोरं हे वळण उरकून टाकतात. नाकाखालचं विमान दिसत नाही आणि तुम्ही तर तिथंच पडणार आहात. उरकू नका.

पहिला स्टॉल साधा. थ्रॉटल मागे घ्या, उंची धरून ठेवा. वेग उतरेल तसा योक मागे मागे येत जाईल. ट्रिमला (योकवरचा ताण हलका करणारं चाक) 65 नॉटच्या खाली हात लावू नका, नाहीतर बाहेर येताना तोच ट्रिम तुमच्याशी झगडेल. आता काट्याकडे बघत बसू नका, कान आणि बूड उघडं ठेवा. वाऱ्याचा आवाज विरतो. योक सैल पडतो, घट्ट पिठल्यातून पळी काढून पातळ आमटीत घातल्यासारखा. बारीक हालचालीला विमान उत्तरच देत नाही. मग पिपाणी, आधी किनरी, मग ठाम. नाक वर, समोर नुसतं आभाळ. मग थरथर, पत्र्याच्या ट्रॉलीतून खडीच्या रस्त्यानं गेल्यासारखी, सीटमधून वर येणारी. तिला आम्ही बफे म्हणतो. पंखाच्या मुळाशी हवा सुटून शेपटीवर आपटते तिची ही थरथर. सेस्नाचा पंख मुद्दाम थोडा पिळलेला असतो, मुळाजवळ आधी आणि टोकाला शेवटी स्टॉल व्हावा म्हणून, म्हणजे तुम्हाला इशारा मिळतो आणि एलेरॉन (पंखांच्या टोकांकडच्या, विमान कलवणाऱ्या फळ्या) थोडा वेळ तरी चालतात. शेवटी नाक मान टाकतं. आता हात पुढे, पॉवर, उजवा रडर, कारण पूर्ण पॉवरला नाक डावीकडे पळतं, पंख सरळ, 74 नॉटला चढ. शिकाऊ हातांनी दोनशे-अडीचशे फूट जातात. पुढे शंभरात निभावतं.

फ्लॅपसहितचा स्टॉल म्हणजे उतरतानाचं नाटक. क्रम तोच, फक्त बाहेर येताना सगळे फ्लॅप एकदम वर घेऊ नका, आधी 20 अंशांवर, चढ दिसला की पुढचे. पॉवर चालू ठेवून केलेला स्टॉल मात्र खट्याळ असतो. नाक खूप वर जातं, आणि उजव्या पायाचा आळस केला की डावा पंख खाली मारतो.

इथं मी स्वतः माती खाल्ली आहे, म्हणून सविस्तर सांगते. सहावी की सातवी सॉर्टी. डावा पंख पडला आणि मी योक उजवीकडे फिरवला, सायकल डावीकडे कलली की हँडल सावरतो तसा. वाटलं पंख उठेल. झालं उलटं. योक उजवीकडे फिरवला की डाव्या पंखाचा एलेरॉन खाली जातो, म्हणजे त्या पंखाच्या टोकाला कोन आणखी वाढतो. आधीच स्टॉल झालेला पंख आणखी खोल गेला. विमान पाठीवर वळल्यासारखं झालं, काचेत उसाचे चौकोन फिरायला लागले. "आय हॅव कंट्रोल," सर एवढंच म्हणाले, शांतपणे. थ्रॉटल मागे, योक मध्ये, उजवा रडर पूर्ण, मग योक पुढे. फिरणं थांबलं, रडर मध्ये आणला, हळूच वर ओढलं. एक गिरकीही पूर्ण झाली नव्हती. सातशे फूट गेले होते. मी घामाघूम. सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पंख पडला तर पाय. हात नाही." नंतर काही दिवस उशीखाली कागद ठेवून झोपायचे, त्यावर हेच लिहिलेलं.

म्हणून: पंख पडला तरी पहिलं काम कोन मोडणं हेच. वळणं थांबवण्यापुरता उलट्या बाजूचा रडर. पंख परत उडायला लागल्यावर एलेरॉननं सरळ करा. बॉल (विमान आडवं घसरतंय का ते दाखवणारी समोरची गोळी) सुरुवातीपासून मध्ये ठेवला असेल तर बहुतेकदा पंख पडतच नाही. आणि स्पिन, म्हणजे स्टॉलमध्येच गिरक्या घेत खाली जाणं, मुद्दाम करून बघायचा असेल तर हँडबुकात ज्या वजनाला आणि मोकळ्या मागच्या सीटला परवानगी आहे तेवढ्यातच, जाणत्या इन्स्ट्रक्टरबरोबर.

हे सगळं 6,000 फुटांवर शिकायचं, पण खरी गरज पडते ती 500 फुटांवर, उतरतानाच्या शेवटच्या वळणावर. उजळाईवाडीचीच धावपट्टी घ्या, 07/25. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा, 25 वर, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून उतरताय, सर्किट (उतरण्याआधीची धावपट्टीभोवतीची चौकोनी फेरी) डावं. बेसवर, म्हणजे शेवटच्या वळणाआधीच्या बाजूवर, तोंड उत्तरेकडे, वारा थोडा पाठीवर. तो तुम्हाला ढकलतो आणि धावपट्टीची रेषा हुकते. आता मन म्हणतं, वळण घट्ट कर. बँक वाढवायची भीती वाटते, म्हणून पाय चोरून डावा रडर दाबतो. नाक आत जातं, बँक वाढायला लागते, ती हात उजवीकडे फिरवून अडवतो. नाक खाली जातंय म्हणून योक मागे. बघा, सगळं एका जागी गोळा झालं: योक मागे, रडर आत, एलेरॉन उलट. इथं स्टॉल झाला तर आतला पंख पडतो आणि विमान आतल्या बाजूला उलटतं. 500 फुटांत ते सावरत नाही. उपाय कंटाळवाणा आहे: सर्किटमध्ये 30 अंशांच्या वर बँक नाही, रेषा हुकली तर हुकली, गो-अराउंड, म्हणजे न उतरता परत वर. जास्तीच्या पेट्रोलचा हिशोब बाबा करतील.

सोलोच्या आधी मी एक परीक्षा घेते, न सांगता. पोराला उंची धरून सरळ जायला सांगते आणि गप्पा लावते. मध्येच तो उजवीकडे बघत असताना थ्रॉटल अगदी थोडा थोडा मागे घेते. तो उंची धरण्याच्या नादात नाक उचलत राहतो. पिपाणी वाजेपर्यंत कळलं नाही तर आणखी दोन सॉर्टी.

गेल्या हिवाळ्यात गडहिंग्लजचा एक पोरगा होता, स्टॉलच्या नावानं रात्रभर झोपायचा नाही असा. त्याला विचारलं, जेवताना आधी तांबडा की पांढरा? तो रंगात येऊन सांगायला लागला, पांढरा आधी, कारण तांबड्यानं जीभ... आणि तिथंच थांबला. पिपाणी वाजलेलीच नव्हती. ताण सोडून नाक खाली आलं होतं, उजवा हात माझ्या हातावर येऊन थ्रॉटल पुढे सारत होता.

"मॅडम," तो म्हणाला, "आवाज का कमी झाला?"